ताडगोळे न खाणारे अण्णा

ताई,

माझे वडील पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. १९८७ मध्ये त्यांची पलटण शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेली, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. माझा जन्म जानेवारी १९८८ चा. मी आठ महिन्यांची झाल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं. लंकेबद्दल ते घरात कधीच बोलले नाहीत. आम्हाला एवढंच माहीत, की अण्णांना फटाके सहन होत नाहीत, उन्हाळ्यात ताडगोळेवाला आला की ते आत निघून जातात, आणि गाडीतून जाताना रस्त्याखालून पाणी जायची मोरी दिसली की ‘हळू, हळू’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून ते पुण्याला माझ्याकडे असतात. हल्ली रात्री तीनला उठतात, दाराची कडी तपासतात आणि उजाडेपर्यंत गॅलरीत बसून राहतात.

ऑफिसातली माझी जवळची मैत्रीण चेन्नईत वाढली, पण तिची आई मूळची उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याची. १९९० मध्ये ती होडीनं रामेश्वरमला आली. गेल्या दिवाळीला मी मैत्रिणीला फराळाला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या घरी दिवाळी करत नाहीत.’ १९८७ च्या दिवाळीत जाफन्याच्या इस्पितळात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात तिच्या आईचा मावसभाऊ गेला. मी गप्प राहिले. माझे वडील त्या सैन्यात होते हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. आता तिची आई पुढच्या महिन्यात पुण्याला येते आहे आणि तिला माझ्या घरी यायचं आहे.

भावाला हे सांगितलं तर तो भडकला. म्हणाला, जवानाबद्दल असला विचार मनात आणतेस, लाज वाटत नाही का? परवा अण्णा मला भाकरी वाढत होते आणि मी नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना विचारू का? आणि मैत्रिणीला काय सांगू?

— एका फौजीची मुलगी

पोरी,

तुझ्या पत्रात मी अडले ती मोरीपाशी. फटाके नकोसे होणं, रात्रीचं जागणं, हे बरेच जण सांगतात. पण गाडीत बसलेला माणूस मोरी बघून ‘हळू’ म्हणतो, हे मी याआधी दोन घरांतून ऐकलं आहे, आणि दोन्ही घरांतले म्हातारे लंकेला जाऊन आलेले होते. तिकडच्या रस्त्यांवर सुरुंग पेरायला मोरी सोयीची. खाली स्फोटकं ठासायची, वायर झाडीत न्यायची, आणि गाडी बरोबर वर आली की आडून बटण दाबायचं. पुढची गाडी उडालेली ज्यानं पाहिली, त्याच्या अंगातून मोरी पुन्हा जात नाही. तुम्ही घरी ज्याला अण्णांचा स्वभाव म्हणत आलात, तो जीव वाचवणारा एक धडा आहे. २४ व्या वर्षी त्यांनी तो घोकून घेतला. आता याची गरज उरली नाही, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

ताडाचंही तसंच असावं. जाफना हा ताडांचा मुलूख आहे. तिथल्या घरांची कुंपणंसुद्धा ताडाच्या झावळ्यांची. अशा कुंपणापलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही. ताडगोळ्याची हातगाडी बघून अण्णांना काय आठवत असेल ते मी सांगू शकत नाही, पण ते आत का जातात याचं मला आश्चर्य वाटत नाही.

तू विचारलेल्याचं उत्तर देण्याआधी ते युद्ध तुला थोडं सांगते, कारण तुझ्याकडे त्याचे दोनच तुकडे आहेत. एक घरातला, एक मैत्रिणीकडून आलेला. दोन्ही खरे आहेत, आणि म्हणूनच तुला ते जुळवता येत नाहीत.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून आपलं सैन्य तिकडे उतरू लागलं. काम असं सांगितलं होतं, की तमिळ बंडखोर शस्त्रं खाली ठेवतील, ती ताब्यात घ्यायची, दोन्ही बाजूंना एकमेकांपासून लांब ठेवायचं आणि परत यायचं. त्याच्या आधी, ४ जूनला, श्रीलंकेच्या सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या जाफन्यावर आपल्या विमानांनी अन्नधान्य टाकलं होतं. त्यामुळे सैनिक पोचले तेव्हा जाफन्याच्या लोकांनी त्यांना हार घातले. ही आपली माणसं, आता आपल्याला कुणी मारणार नाही, असं तिथल्या आयाबायांना वाटलं. तुझ्या मैत्रिणीच्या आईनंही कदाचित त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला उभं राहून हात हलवला असेल.

दहा आठवड्यांत सगळं उलटलं. सप्टेंबरमध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या (त्यांना वाघ म्हणत) तिलीपन नावाच्या तरुणानं नल्लूरच्या मंदिराजवळ पाण्याचा थेंबही न घेता उपोषण केलं आणि २६ तारखेला तो गेला. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या नौदलानं पकडलेल्या १२ वाघांनी कोलंबोला नेण्याआधी सायनाइड खाऊन जीव दिला. त्यानंतर युद्ध पेटलं, आणि ज्यांच्यात शांतता राखायला गेलो त्यांच्यातल्याच एका बाजूशी आपलं सैन्य लढू लागलं. ती बाजूही अशी, की १९८३ पासून तिला प्रशिक्षण आणि शस्त्रं भारतानंच दिलेली. अण्णांच्या हातात जड एसएलआर रायफल, समोर एके-४७. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या एका तुकडीतले ३० पैकी २९ जवान मारले गेले, उरलेला एक कैद झाला. महिनाभरापूर्वी ज्या गल्लीतून चालताना लोक पाणी देत होते, त्याच गल्लीत आता प्रत्येक खिडकीकडे बघत चालायचं. समोरचा गणवेशात नाही. लुंगी, शर्ट, गळ्यात सायनाइडची कुपी. कधी तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो, कधी मुलगी. जवानाला तमिळ येत नाही, घरातल्या बाईला हिंदी येत नाही. ‘थांब’ म्हटलेलं तिला कळत नाही, ती काय ओरडते ते त्याला कळत नाही, आणि मध्ये बंदूक असते.

आता मैत्रिणीनं सांगितलेलं. ते खोटं नाही. त्या ऑक्टोबरात जाफन्यातली हजारो माणसं घरं सोडून नल्लूरच्या मंदिरात आणि शाळांमध्ये जाऊन राहिली होती, आणि वरून तोफांचे गोळे पडत होते. २१ ऑक्टोबरला, तिकडच्या दिवाळीच्या दिवशी, सैनिक जाफन्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात शिरले. वाघ आधी आत येऊन गेले होते, तिथून गोळीबार झाला, असं सांगतात. दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर, नर्स, कर्मचारी आणि रुग्ण मिळून ६० हून अधिक माणसं मेलेली होती. आपल्या बाजूनं सांगितलं गेलं की ती चकमकीत सापडली. प्रेतांमध्ये पडून राहून जे वाचले त्यांनी वेगळं सांगितलं. हात वर करून पुढे आलेल्या डॉक्टरलाही गोळी लागली, असं ते सांगतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. शांतिसेनेचं इंग्रजी नाव इंडियन पीस कीपिंग फोर्स, म्हणजे आयपीकेएफ. या अक्षरांचा जाफन्यात लोकांनी पुढे स्वतःचा अर्थ लावला: ‘इनोसंट पीपल किलिंग फोर्स’, निरपराध माणसं मारणारी फौज.

म्हणजे ज्यांना वाचवायला पाठवलं त्यांच्याकडून अण्णांना हे नाव मिळालं. आणि मायदेशी काय मिळालं? कोलंबोत राष्ट्राध्यक्ष बदलले, नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, जा म्हणून सांगितलं, दिल्लीत सरकार बदललं, आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी तिथून निघाली. मद्रासला उतरलेल्या सैनिकांच्या स्वागताला जायला तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी, एम. करुणानिधींनी, नकार दिला. सुमारे १,२०० जवान तिकडे मारले गेले. कोलंबोजवळ कोट्टे इथे त्यांच्या नावांचं स्मारक आहे, जाफन्याजवळ पलालीलाही आहे. पण आपल्याकडे गावच्या चावडीवर १९७१ च्या गोष्टी जशा रंगतात तशी लंकेची गोष्ट कधी रंगलेली तू ऐकलीस का? ७१ च्या जवानाला सांगायला गोष्ट होती. कोण शत्रू, कुणाला सोडवलं, कोण जिंकलं, सगळं ठरलेलं. लंकेहून आलेल्याला गोष्टच मिळाली नाही. सरकारला तो विषय नको होता, पुढे २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाल्यावर तर कुणालाच नको होता. गावानं दोन दिवस विचारलं आणि सोडून दिलं. तुझ्या आईनं विचारलं नसेल, किंवा विचारून पाहिलं असेल आणि त्यांचा चेहरा बघून थांबली असेल. तुला वाटतं अण्णा गप्प आहेत कारण त्यांना काही लपवायचं आहे. मला वाटतं, त्यांची गोष्ट ऐकायला कुणी बसलंच नाही. एवढ्या वर्षांनी विचारणारी तू पहिली असशील. म्हणून काय विचारतेस आणि कसं विचारतेस, याला फार महत्त्व आहे.

‘तुम्ही तिथे होतात का, तुम्ही कुणाला मारलंत का,’ हे विचारू नकोस. तो प्रश्न तुझ्या सुटकेसाठी आहे. त्यात अण्णांना काही जागा नाही. ‘नाही’ म्हणाले तर तुझा विश्वास बसणार नाही आणि ‘हो’ म्हणाले तर तू कोसळशील, आणि हे दोन्ही त्यांना तुझ्या तोंडाकडे बघूनच कळेल.

इथे मी तुला खोटा दिलासा देणार नाही. देता आला असता. आपलं सैन्य तिकडे सगळ्यात जास्त होतं तेव्हा सुमारे ८०,००० होतं, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, वावुनिया, मुल्लैतिवू असं सगळ्या उत्तर आणि पूर्व भागात पसरलेलं. इस्पितळात शिरलेले त्यातले किती थोडे! अण्णा त्यांत असण्याची शक्यता फारच कमी. पण तुझी भीती त्या एका इस्पितळापुरती नाही, हे तुझ्या पत्रावरून मला दिसतं. सुरुंगात सहकारी गेल्यावर लगेच झालेल्या झडतीत काय झालं असेल, कुणाला घरातून ओढून नेलं असेल, कुणाला मारलं असेल, हे तुझ्या डोक्यात फिरतं आहे. ते झालेलं आहे. त्या काळात जाफन्यात जे राहिले त्यांनी ते नोंदवून ठेवलं आहे. अण्णांनी यातलं काही केलं का, पाहिलं का, थांबवलं का, हे तुला माहीत नाही, मलाही नाही.

समजा, केलं असेल. मग? मी या प्रश्नावर खूप दिवस विचार केला आहे, तुझ्या पत्राच्याही आधीपासून. ज्यांनी ते युद्ध ठरवलं त्यांची चूक मोठी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. २४ वर्षांच्या मुलाला नीट उद्देश न सांगता, भाषा न शिकवता परक्या गल्ल्यांमध्ये पाठवायचं आणि तिथे तो घाबरून चिडला की सगळा दोष त्याच्यावर टाकायचा, हे मला मान्य नाही. पण हुकूम होता म्हणून, भीती होती म्हणून, निःशस्त्र माणसाला मारणं बरोबर ठरत नाही. अण्णांनाही ते ठरलेलं नसेल. तसं ठरलं असतं तर रात्री तीनला कडी तपासायला ते उठलेच नसते.

मनाच्या आघाताला वैद्यकात अधिकृत नाव मिळालं ते १९८० मध्ये, अमेरिकेत, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. तेही असंच युद्ध होतं, देशानं अर्ध्यावर तोंड फिरवलेलं. त्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांच्या लक्षात आलं की काहींना भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी खातं आहे. जे बरोबर आहे असं लहानपणापासून मानलं त्याच्या विरुद्ध आपल्या हातून घडलं, किंवा आपल्या डोळ्यांसमोर घडलं, किंवा ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्या वरच्यांनी दगा दिला. अशा दग्यानं होते तिला त्यांनी नैतिक जखम म्हटलं, पुढे इतर अभ्यासकांनी पहिल्या दोन गोष्टीही त्यात धरल्या. भीती काळानं थोडी ओसरते. ही जखम काळानं भरत नाही, कारण माणूस स्वतःच स्वतःवर पहारा देत बसतो. पेरणी, पेन्शन, पोरांची लग्नं यांत वर्षं निघून जातात. मग काम संपतं, बायको जाते, घर शांत होतं, आणि पहारा सुरू होतो. अण्णांचं जागणं दोन वर्षांपूर्वीच का वाढलं, ते आता तुला कळेल.

आता मैत्रीण. तिला सांग. याच आठवड्यात सांग, तिची आई यायच्या आधी. अण्णांच्या मनातलं काही नको, ते तुला माहीतही नाही. फक्त एवढं: ‘माझे वडील शांतिसेनेत होते. तू दिवाळीचं सांगितलंस तेव्हा माझी जीभ रेटली नाही. आई माझ्या घरी येण्याआधी तुम्हा दोघींना हे माहीत असायला हवं.’ त्यापुढे तिनं काय म्हणावं हे ठरवू नकोस. रडलीस तर रड, पण तिला तुझं सांत्वन करायला लावू नकोस. देशाच्या वतीनं माफी मागू नकोस, अण्णांच्या वतीनं तर नकोच. आणि कृपा करून ‘पण वाघांनीही’ असं सुरू करू नकोस. वाघांनी काय केलं हे जाफन्याच्या माणसाला तू सांगावंस असं काही नाही, ते त्यांनी अंगावर झेललं आहे. तिची आई १९९० मध्ये होडीत बसली ती आपलं सैन्य गेल्यानंतर पुन्हा पेटलेल्या युद्धामुळे असेल, आणि आली कुठे, तर आपल्याच देशात. ज्या देशाचे सैनिक तिच्या भावाच्या खोलीत शिरले त्याच देशाच्या किनाऱ्यावर तिनं पोर वाढवलं. तिच्या मनात भारताबद्दल एकच एक भावना असेल असं समजू नकोस. कदाचित ती येणार नाही म्हणेल. कदाचित तिला अण्णांना बघायचंच असेल. दोन्ही तिचे हक्क आहेत. नाही म्हणाली तर मुलीच्या घरी किंवा एखाद्या बागेत तू जाऊन भेट, आणि मनात अढी धरू नकोस.

अण्णांचाही तेवढाच हक्क आहे. त्यांना न सांगता तिला घरात आणू नकोस. असे अचानक घडवलेले भेटीचे प्रसंग मी पाहिले आहेत. घडवणाऱ्याला वाटतं दोघं रडतील आणि मन हलकं होईल. प्रत्यक्षात एक माणूस उठून संडासात जातो आणि पाऊण तास बाहेर येत नाही. त्यांना सरळ सांग की माझ्या मैत्रिणीची आई जाफन्याची आहे, तिला घरी यायचं आहे, तुम्हाला चालेल का? त्या दिवशी गावी जाऊन येतो म्हणाले तर एसटीचं तिकीट काढून दे आणि प्रश्न विचारू नकोस.

एक गोष्ट सांगू का? जाफन्याच्या तमिळमध्येही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. मैत्रिणीच्या आईनं त्या मेलेल्या मावसभावाला काय म्हणून हाक मारली असेल, याचा विचार माझ्या मनातून दोन दिवस जात नव्हता.

भावाबद्दल थोडक्यात लिहिते. त्याला वाटतं बहीण बापाची अब्रू घालवते आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस, पण मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव त्याला सांग. मुंबईत जन्मलेला अधिकारी, महार रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीचा, २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफन्याजवळ छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराची रायफल हिसकावून लढला आणि गेला. परमवीरचक्र मिळालं. आणि दुसरं नाव डॉ. रजनी तिरणगामा यांचं. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या, सुरुवातीला वाघांच्या बाजूच्या. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जाफन्यातल्या माणसांवर काय गुदरलं ते लिहून काढलं, भारतीय सैन्यानं केलेलं आणि वाघांनी केलेलंही, कुणाला न वगळता. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. ३५ वर्षांच्या होत्या. वाघांनीच मारलं, असं त्यांचे सहकारी आजही म्हणतात. मेजरांचं शौर्य खरं आहे म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं खोटं होत नाही, आणि उलटही नाही. भावाला हे पटेल की नाही, मला ठाऊक नाही. तुला पटलं तर पुरे.

रात्रीच्या जागण्यासाठी डॉक्टर हवा. हे मी आग्रहानं सांगते, कारण आपल्याकडे घरचे लोक ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. अण्णा माजी सैनिक आहेत, म्हणजे ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते मार्ग सांगतील. त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये ‘झोप लागत नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे शांतिसेनेच्या लंकेतल्या मोहिमेत, होते, मोरी बघून दचकतात, दार तपासत राहतात’ असं स्पष्ट सांग आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला सांग. ते यायला तयार नसतील तर आधी तू १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठीही कर. भाकरी वाढणाऱ्या हाताकडे बघत बसणारी मुलगी बरी आहे, असं मला वाटत नाही. आणि अण्णा कधी जगण्यात राम नाही अशा अर्थाचं काही बोलले, तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

मग विचारायचं कसं? एक निवृत्त नाइक माझ्याकडे यायचे, तेही लंकेचे. पहिले तीन वेळा ते फक्त एका शाळेबद्दल बोलले. त्यांच्या कंपनीनं तळ टाकलेली शाळा. फळ्यावर गणितं तशीच होती आणि कुणी पुसली नाहीत. ती गणितं त्यांना पाठ होती. किती आंबे, किती माणसं, प्रत्येकाला किती. मी युद्धाचं काही विचारलं नाही. विचारलं ते हे, की चूल कुठे मांडली होती, झोपायचे कुठे, पत्रं किती दिवसांनी यायची. चौथ्या वेळी ते आले, खुर्ची भिंतीकडे वळवून बसले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ते मला दिलं होतं, वाटायला नाही.

तूही तसंच ठेव. अण्णांनी तुला काही भयंकर सांगितलं तर ते मैत्रिणीपर्यंत पोचवायचं तुझं काम नाही. ‘जाऊ दे अण्णा, तुमची काय चूक’ असं म्हणू नकोस. चूक असेल तर त्यांना ती माहीत आहे, आणि तुझ्या त्या वाक्यानं ते पुन्हा एकटे पडतील. माफ करायचा अधिकारही तुझा नाही, ज्यांचं गेलं त्यांचा आहे. ऐक. हात धर, हाताकडे नुसती बघू नकोस. त्यांना स्वतःहून काही करावंसं वाटलं, लिहून ठेवावंसं, कुणाला भेटावंसं, कुठे जावंसं, तर सोबत जा. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव आहे, लंकेत गेलेल्यांचीही आहेत. त्यांच्या पलटणीतलं एखादं नाव त्यांना शोधायचं असेल. ते आपणहून म्हणाले तरच.

सुरुवातीला तुझ्याकडे एक प्रश्न असा आहे, जो जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही. जानेवारी १९८८ मध्ये तुझ्या आईनं किंवा आजोबांनी पत्र टाकलं असेल, तार केली असेल. ते अण्णांच्या हातात पडलं तेव्हा ते कुठल्या तरी ताडांच्या बनात, कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी रस्त्यावर होते. तीन वाजता ते गॅलरीत जातील तेव्हा दिवा न लावता त्यांच्याशेजारी जाऊन बस. पहिल्या रात्री काही विचारू नकोस. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री विचार: ‘अण्णा, मी झाले ते तुम्हाला कुठं कळलं?’